बाकीचं रीळ

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, सरळ मोकळ्या रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना मी ब्रेक दाबला. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो, तो. एकवीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय आणि विनाकारण तो कधी दाबला नाही, याचा मला जरा माजच आहे म्हणा ना. स्टिअरिंगवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, वय बासष्ट. त्या पुढे गेल्या, पट्ट्यानं मागे आल्या आणि अगदी घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, माझं काय चुकलं? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाई. मी म्हटलं, तुमचं काही नाही, कुत्रं होतं. कुत्रंबित्रं काही नव्हतं. फोन होता. शिकवताना फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, गाडीत तशी पाटी मीच चिकटवली आहे, पण नंबर फोटोच्या दुकानाचा दिसला आणि राहवलं नाही. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या पिशवीत दोन डबे निघाले. चालण्याचं रीळ झालंय तयार. दुसऱ्यात ती मुलगी पडते, ते पण करायचं का?"

करा, म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. मुख्याध्यापिका गाडी पुन्हा सुरू करायची वाट बघत होत्या आणि मला काही केल्या पुढचं वाक्य सुचत नव्हतं. क्लच दाबा, पहिला गिअर, आरशात बघा, एवढंच तर म्हणायचं असतं. दिवसातून साठ वेळा म्हणतो. दुसरा डबा असेल हे माझ्या गावीही नव्हतं. त्यात जे होतं ते बाबांनी जाळलं अशी माझी पक्की समजूत होती. परसात धूर बघितल्याचंही मला आठवतं. आता वाटतं, धूर मी बघितला असेन, पण त्यात काय जळत होतं ते जवळ जाऊन बघितलं नव्हतं. माळ्यावरची ती कापडी पिशवीही मी न उघडताच दुकानात नेऊन ठेवली. वरून एक गोल डबा हाताला लागला, बाबांच्या रेखीव अक्षरात 'चालणे' लिहिलेला, आणि जीव भांड्यात पडला. चालण्याचंच आहे ना, मग दाखवू. चांगल्या चालण्यात दुसरं काय दिसणार.

दाखवायचं होतं गोटीला. गोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. शाळेच्या दाखल्यावर तिला दुसरं नाव आहे, ते दाखल्यावरच राहिलं. त्रेपन्न वर्षांची आहे, घरी गणिताच्या शिकवण्या घेते. चाकाच्या खुर्चीतून फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच हात पोचतो, तर मुलांना सांगते, वरचा अर्धा मी उंच लोकांना भाड्यानं दिलाय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुबड्यांवर हिंडत होती, मग गुडघ्यांनी सांगितलं पुरे. मागच्या महिन्यात ती एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या तरुण बाईंनी तिचा पाय कितीतरी वेळ हातात धरला, टाच खाली दाबून बघितली आणि विचारलं, लहानपणीच शस्त्रक्रिया का नाही केली हिच्यावर? तेव्हाही करत होते की. गोटी म्हणाली, गरज नाही असं मोठ्या डॉक्टरांनी पत्रानं कळवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या पायांना बघून? असं कसं कळवतील? जुने कागद, फोटो, काही असेल ते आणा. मग गोटीनं मला फोन केला. दादा, बाबांनी काढलेली ती रिळं तुझ्या माळ्यावर आहेत ना. मला बघायचंय मी तेव्हा कशी चालत होते, तिचं म्हणणं एवढंच. वाळवी लागली म्हणता आलं असतं, घर बदलताना गेली म्हणता आलं असतं. मी 'बघतो' म्हणालो. बायको होती तेव्हा म्हणायची, तुमच्या 'बघतो'ला डोळेच नसतात. ती तिच्या माहेरच्या गावी निघून गेली त्यालाही आता अकरा वर्षं झाली, तो विषय वेगळा.

गोटीच्या पायांच्या शिरा जन्मापासून आखडलेल्या. टाचा टेकायच्या नाहीत, चवड्यांवर चालायची, गुडघे एकमेकांवर आपटायचे. मोठे डॉक्टर दुसऱ्या शहरात, एका दिवसाच्या प्रवासावर, आणि तिला घेऊन जायचं म्हणजे आईची कंबर जायची. डॉक्टरांनीच सुचवलं की दर तीन महिन्यांनी हिच्या चालण्याची फिल्म काढून पाठवा, समोरून आणि बाजूनं, अनवाणी. आठ वर्षांची होईपर्यंत टाचा आपोआप टेकू लागल्या तर उत्तम. नाहीतर शस्त्रक्रिया, आणि तीही तेव्हाच, कारण पुढे हाडं बसून जातात. मामा बोटीवर नोकरीला होता, त्याचा छोटा चावीचा कॅमेरा बाबांनी मागून घेतला. बाबा नकाशे काढायचे, सरकारी कचेरीत. ज्या कागदावर खोडल्याची एक खूण राहिली तो कागद त्यांनी जन्मात टेबलावरून पुढे सरकवला नाही. रात्रभर बसून नवा काढतील, पण खोडलेला देणार नाहीत. त्यांनी फिल्मही तशीच काढली. त्यांच्या मनात फसवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. एवढ्या मोठ्या डॉक्टरांसमोर आपली पोर जाणार तर नीटनेटकी जावी, एवढंच. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पसारा कपाटात कोंबतो की नाही? आई आदल्या दिवशी फ्रॉकला इस्त्री करून ठेवायची. सकाळी गोटीचे पाय अर्धा तास गरम पाण्यात, मग तेल लावून रगडणं, टाच धरून खाली ओढणं. गोटी तेव्हा ओरडायची नाही, माझ्या हाताचं बोट चावायची. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं तिचे पाय मऊ पडायचे आणि तेवढ्या वेळात आठ-दहा पावलं टाच टेकून पडायची. तेवढीच. दिवसभरातली तेवढीच.

आणि त्या पावलांवर नजर ठेवणं हे माझं काम होतं. मी अकरा वर्षांचा. चौकटीच्या बाहेर, तिच्यासमोर उलटा चालत जायचो, तोंडं वेडावायचो, म्हणजे ती मान वर करून हसायची आणि पायांना विसरायची. पायांना विसरली की बरी चालायची. मी हळू आवाजात म्हणत राहायचो, टाच, टाच, टाच. आणि ती नीट टेकतेय असं दिसलं की माझा उजवा हात वर. माझा हात वर गेला की बाबा बटण दाबायचे, खाली आला की सोडायचे. रीळ महाग, तीन मिनिटांचं, वाया घालवून चालणार नव्हतं. तिचे गुडघे वळायला लागले की माझा हात खाली यायचा. पण कधी माझा उशीर व्हायचा, कधी बाबांचा, आणि तेवढ्यात ती पडायची. घाईत बाबांचं बोट बटणावरच राहायचं, आणि ते पडणं, मी तिला उचलून पुन्हा उभी करणं, सगळं फिल्मवर यायचं. मग बाबा टेबलावर दिवा लावून तो तुकडा कात्रीनं कापून काढायचे आणि दोन टोकं जोडायचे. मला फार आवडायचं ते सगळं. खोटं कशाला बोलू. बाबा एरवी माझ्याशी फार बोलायचे नाहीत आणि फिल्मच्या दिवशी म्हणायचे, तुझी नजर चांगली आहे. आजही कुणी शिकाऊ माणूस चुकायच्या आधी अर्धा क्षण मला कळतं. लोक कौतुक करतात, कसं कळतं हो तुम्हाला. आठ फिल्म गेल्या अशा, दोन वर्षांत, डॉक्टर बघून त्या परत पाठवायचे. रविवारी कधी नातेवाईक जमले की खोलीत चादर टांगून तो खेळ व्हायचा. तापलेल्या दिव्यावर धूळ जळल्याचा वास यायचा. गोटीला मी पाठुंगळी घेऊन यायचो, खुर्चीत बसवायचो, आणि चादरीवर ती चालत यायची. अगं बाई, किती छान चालतेस, सगळे म्हणायचे. पाठीवरून आणलेल्या मुलीला म्हणायचे. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. गोटीही टाळ्या वाजवायची.

आठवी फिल्म गेल्यावर पत्र आलं. प्रगती अत्यंत समाधानकारक आहे, शस्त्रक्रियेची आवश्यकता दिसत नाही. आईनं ते देवापुढे ठेवलं, मग बाबांनी कपाटात ठेवलं. फिल्म बंद झाल्या. पुढे गोटी वाढली, उंच झाली, वजन वाढलं आणि पाय जास्तच आखडत गेले. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा बाबा तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आई आणि मीही बरोबर होतो, मी अठरा वर्षांचा, गोटीला उचलायला. डॉक्टरांनी तपासलं. मग गोटीला आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. मी बाबांच्या मागे उभा राहिलो, मला कुणी जा म्हणालं नाही. डॉक्टर चष्मा काढून डोळे चोळत होते. ते चिडलेले नव्हते, तेच वाईट होतं. म्हणाले, "फिल्ममधली मुलगी हीच का?" बाबा म्हणाले, हो. डॉक्टर म्हणाले, मग ती दिवसभर तशी चालायची का?  बाबा माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटलं, मी तयार होतो, पण त्यांनी वळून बघितलं नाही. आता उशीर झाला, एवढं डॉक्टर बोलले. बाहेर आल्यावर बाबांनी आईला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, हिच्या बाबतीत शस्त्रक्रिया शक्यच नव्हती. आईनं पदर डोळ्यांना लावला. गोटी म्हणाली, बरं झालं, मला सुयांची भीतीच वाटते. येताना गाडीत बाबा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतर चोवीस वर्षं ते जगले आणि आम्ही दोघांनी त्याबद्दल ब्र काढला नाही. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसायचो, आज बोलतील, उद्या बोलतील. एक दिवस हातानं खूण करून जवळ बोलावलं, मी कान नेला, तर म्हणाले, पंखा कमी कर.

तर असं हे माझ्याकडे एकट्याकडे राहिलं. ओझं आहे वगैरे म्हणत नाही, सवय होते. पण माणसांत बसून एकटं वाटणं म्हणजे काय ते मला विचारा. गोटीच्या घरी दर शनिवारी जातो, दिवे बदलतो, नळ बघतो, तिची टोमणेबाजी ऐकतो, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती कुबड्या घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली की माझी नजर तिच्या टाचांवर असायची. टाच, टाच, टाच. तोंडातून निघायचं नाही, आतल्या आत चालू. एकदा तिनं पकडलं मला, काय बघतोस रे खाली, माझं काही पडलंय का? म्हटलं, फरशी बसलीय जरा. दुसऱ्या शनिवारी खरोखर फरशीवाला आणून बसवून घेतली, धड असलेली फरशी.

शनिवारी दुकानातून एक छोटी काडी मिळाली, बोटाएवढी, संगणकाला लावायची. त्यात दोन्ही रिळं. बाईंनी वेगवेगळी ठेवली होती, डब्यांवर लिहिलं होतं तीच नावं दिली होती. 'चालणे'. आणि 'बाकीचं'. बाबांनी कापलेले तुकडे फेकले नव्हते, एकाला एक जोडून ठेवले होते. ज्या माणसानं खोडलेला कागद कधी दाखवला नाही त्यानं हे का ठेवलं असेल, हा विचार मी गोटीच्या दारापर्यंत करत राहिलो. दुसरं दाखवायचं नाही हे ठरलेलं होतं. पहिलं लावायचं, तिला बघू द्यायचं, काडी खिशात घालून उठायचं.

गोटीनं खिडकीचे पडदे ओढून घेतले होते, केस विंचरले होते. मी 'चालणे' लावलं. आवाज नसतो त्याला. फ्रॉक घातलेली ती सात वर्षांची मुलगी समोरून चालत आली, हसत, मान वर, टाचा टेकवत. आईचा हात एका कडेला क्षणभर दिसला तेव्हा गोटी म्हणाली, आईची बांगडी बघ, आणि हसली.  आठ फिल्मची सगळी मिळून वीस-बावीस मिनिटं. ती मुलगी येत राहिली, जात राहिली, कुठेही अडखळली नाही. संपल्यावर मी उठून पडदे उघडायला निघालो, तर गोटी म्हणाली, थांब. तिचे डोळे वाहत होते. मला वाटलं, आनंदानं.

"एवढी चांगली चालत होते मी," ती म्हणाली. "म्हणजे डॉक्टरांचं बरोबरच होतं. मीच घालवलं."

मी म्हटलं, काय घालवलंस? तेव्हा तिनं सांगितलं. आई तिला सकाळ-संध्याकाळ भिंतीला टेकवून टाचांचा व्यायाम करायला लावायची, दुखायचं फार. दहाव्या वर्षापासून ती न्हाणीघरात दार लावून व्यायाम करते म्हणायची, नळ सोडून ठेवायची आणि आत बसून पुस्तक वाचायची. बाहेर येऊन सांगायची, झाला. तीन वर्षं. आई मरेपर्यंत तिला हे सांगता आलं नाही. "मला वाटायचंच," ती म्हणाली. "कुणाला विचारायची हिंमत नव्हती. आज डोळ्यांनी बघितलं. पाय चांगले होते रे दादा, मी आळस केला."

मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. खरं सांगतो, चार-पाच सेकंद गप्प बसलोही. तेवढ्या वेळात मला असंही वाटून गेलं की असू दे, तिनं स्वतःलाच दोष दिलाय, चाळीस वर्षं दिलाय, आणखी थोडा देईल, तिला सवय आहे. हे माझ्या मनात आलं. मग मात्र मला माझीच शिसारी आली. मी परत बसलो आणि म्हटलं, अजून एक आहे. आणि 'बाकीचं' लावलं.

तेच अंगण, तोच फ्रॉक. ती मुलगी चार पावलं टाकते, गुडघ्यावर गुडघा चढतो आणि ती तोंडावर पडते. बाबांची सावली झेप घेते. पुन्हा तीच, पाच पावलं, पडते. आईचे दोन हात येतात, गुडघा पुसतात, फ्रॉकची चुणी सरळ करतात. पुन्हा. प्रत्येक वेळी पडल्यावर ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. आवाज नाही पण ओठांवरून कळतं, 'परत?' असं विचारते. रडत नाही. आणि प्रत्येक वेळी एक किडकिडा मुलगा चौकटीत येतो, तिला काखेत हात घालून उचलतो, खडूच्या रेघेवर आणून उभी करतो, वाकून तिच्या टाचा जमिनीला लावून बघतो. मग उलटा चालत बाहेर जातो आणि जाता जाता हात वर करतो. मी मला इतकं लहान कधी बघितलंच नव्हतं. मला तो मुलगा आवडला नाही. गोटी मोजत होती, तिची सवयच ती. शेवटी म्हणाली, एकोणीस. मग विचारलं, "हात कशाला वर करतोस?"

मग मी सगळं सांगितलं. हात, बटण, कात्री, गरम पाणी, आणि तेराव्या वर्षी डॉक्टरांच्या खोलीत काय झालं ते. भराभर सांगितलं, एखादा शिकाऊ माणूस गर्दीतून सुटल्यावर पळवतो तसं. ती ऐकत होती, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत. संपल्यावर तिनं दोन्ही हातांनी स्वतःची मांडी उचलून पाय खुर्चीच्या पायरीवर नीट ठेवला, वेळ घेऊन.

"पायांचं सोड," ती म्हणाली. "अकरा वर्षांच्या पोराला काय कळणार. पण अठराव्या वर्षी कळलं होतं ना तुला? तेव्हा सांगितलं असतंस तरी पाय परत नसते आले. पण मी चाळीस वर्षं मलाच शिव्या घालत बसले नसते."

मी म्हटलं, तुला त्रास होईल म्हणून. तिनं माझ्याकडे बघितलं, वर्गात एखाद्यानं उत्तर चोरून लिहिलंय हे कळल्यावर बघत असेल तसं. ओरडली असती, काही फेकून मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, तू जा आता, चारला मुलं येतात.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी मुख्याध्यापिकांनी पहिल्यांदा एकटीनं वळण घेतलं, एका बाजूला ट्रक असताना, अगदी झकास. मी छान म्हणायला विसरलो आणि त्यांचा चेहरा पडला. फोन मांडीवर ठेवून शिकवत होतो, पाटी असून. बाबांनी ते तुकडे का ठेवले असतील ते अजून कळलेलं नाही. कदाचित त्यांनाही कुणीतरी बघावं असं वाटलं असेल, त्यांच्या माघारी का होईना. कदाचित फेकवले नसतील एवढंच, शेवटी तीही त्यांचीच मुलगी होती, पडणारी. बुधवारी संध्याकाळी मी गाडी पुसत असताना गोटीचा फोन आला. आवाज नेहमीचा, कोरडा.

म्हणाली, उद्या अकराला डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, गाडी घेऊन ये. बरं, म्हटलं. "ते पडतानाचं आण," ती म्हणाली. "तेवढंच. दुसरं आणू नकोस. आणि आत तूही यायचंस. त्या विचारतील कसं काय झालं, तेव्हा मी बोलणार नाही. तू सांगायचं."

मी बरं म्हटलं. ती म्हणाली, साडेदहाला खाली थांब, आणि फोन ठेवला. फडकं हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. एवढ्या बोलण्यात ती मला एकदाही दादा म्हणाली नव्हती.